"एक्सपायर म्हंजी काय, सिस्टर?"

निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली, तरी किराणा दुकानात कुणी बिस्किटाचा पुडा उलटा करून "हा एक्सपायर झालाय" असं म्हणालं की माझा हात जागच्या जागी थांबतो. दुकानदाराला वाटतं, बाई हिशेबात अडकल्या. पण या एका शब्दाचं मला काहीतरी सांगायचं आहे, आणि ते यंदा लिहून टाकावं असं ठरवलं.

बीड जिल्ह्यातल्या, धारूरच्या बाजूच्या डोंगरपट्ट्यात एका ग्रामीण रुग्णालयात मी परिचारिका होते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण यात एक चूक आहे आणि त्या चुकीतली काही माणसं अजून नोकरीत आहेत. तीस खाटांचा दवाखाना. बाळंतपणं, विंचू, साप, जुलाब, विहिरीत पडलेली माणसं, भांडणात डोकी फुटलेली माणसं. त्याहून अवघड काही आलं की अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात पाठवायचं.

एक्सपायर हा शब्द आमच्याकडं दिवसातून वीसदा यायचा. महिन्याच्या एक तारखेला औषधांचं कपाट रिकामं करायचं, प्रत्येक बाटलीवरची तारीख वाचायची, जवळची तारीख पुढं, लांबची मागं, आणि उलटून गेलेल्या गोळ्या लाल खोक्यात. त्या एक्सपायर. गाडीच्या ड्रायव्हरचं लायसन एक्सपायर व्हायचं. कंत्राटी मुलींची अकरा महिन्यांची ऑर्डर एक्सपायर व्हायची, की त्या बिचाऱ्या नव्या ऑर्डरसाठी बीडला खेटे घालायच्या. आणि माणसंही एक्सपायर व्हायची. सकाळी ड्युटी बदलताना आम्ही एकमेकींना सांगायचो, चार नंबरचं सलाईन पुढच्या महिन्यात एक्सपायर, सात नंबर पहाटे एक्सपायर. एका दमात. त्यात काही वावगं आहे असं कधी वाटलं नाही.

मेली, मेला, असं नातेवाइकांच्या तोंडावर म्हणवत नाही. वारले म्हणावं तर ते घरातल्या माणसानं म्हणायचं. या इंग्रजी शब्दानं हातमोजे घातल्यासारखं होतं, आपला हात लागत नाही. एकदा एका म्हाताऱ्याला आमच्या नव्या मुलीनं सांगितलं की आजी एक्सपायर झाल्या. तो मान डोलावून बाकावर जाऊन बसला. अर्ध्या तासानं मी पाहिलं तर तसाच बसलेला, हातात पितळी तांब्या. मी विचारलं, बाबा, कुणाची वाट बघताय? तो म्हणाला, औषध एक्सपायर झालंय म्हणाल्या बाई, नवं आलं की मला हाक मारा. तेव्हा मला खाली बसून त्याला मराठीत सांगावं लागलं. ते दोन शब्द सांगायला मला जितका वेळ लागला तितका आयुष्यात कशाला लागला नसेल.

तरीही शब्द आम्ही सोडला नाही. सवय झालेली होती.

आता मंगलचं सांगते.

श्रावणातली सकाळ होती. आठच्या सुमाराला रस्त्यावर एक काळीपिवळी जीप उलटली आणि अकरा जखमी एकदम आले. ड्युटीवर एक तरुण डॉक्टर, नुकताच शिकून आलेला. पोरगा मनाचा चांगला, कामाला वाघ, पण डॉक्टर तो एकटा आणि नर्स आम्ही दोघी. कुणाच्या पायाचं हाड बाहेर आलेलं, एकाची छाती दबलेली. ईसीजीचं एकच मशीन, ते त्या छातीवाल्याला लावलेलं. फरशीवर रक्त आणि चिखल.

त्या गर्दीत नऊ वाजता एका टेम्पोतून मंगलला आणलं. वय सव्वीस-सत्तावीस. नवरा दिगंबर, सासू आणि जाऊ बरोबर होत्या. ऊसतोडीला जाणारी माणसं, दिवाळीनंतर कारखान्यावर जायची, तोवर गावात घरी. पहाटे तिच्या पोटात कळ आली, दोन उलट्या झाल्या. मग म्हणाली, पापण्या जड झाल्यात, उघडंना. मग घोट गिळता येईना. मग बोलणं बंद. टेम्पोत घातली तेव्हा मान लोळत होती. अंगावर कुठं जखम नाही, सूज नाही, काही नाही.

डॉक्टरनं डोळ्यात बॅटरी मारली. बाहुल्या मोठ्या, हलत नव्हत्या. मनगटावर बोटं ठेवली, छातीला नळी लावली. शेजारी तो छातीवाला माणूस ओरडत होता आणि त्याची आई त्याच्याहून मोठ्यानं. डॉक्टरनं नळी काढली, माझ्याकडं बघून म्हणाला, "एक्सपायर्ड. टाइम लिहा, सिस्टर." आणि तो हाड बाहेर आलेल्याकडं पळाला.

मी नऊ वीस लिहिलं.

दिगंबरला सांगितलं तेव्हा तो भिंतीला पाठ लावून खाली बसला. सासू ओरडली नाही, ती नुसती सुनेच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. जावेनं मोठा गळा काढला. मग सासूनं कनवटीची कुंकवाची डबी काढली आणि मंगलच्या कपाळावर अंगठ्यानं मोठं कुंकू लावलं, सवाष्ण गेली म्हणून. मी त्यांना बाहेर बसवलं आणि पडदा ओढला.

बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते. डॉक्टरनं सांगितल्यावर पुढचं काम नर्सचं. डोळे मिटवायचे. हनुवटीखालून पट्टी घेऊन डोक्यावर गाठ मारायची, म्हणजे तोंड उघडं पडत नाही. पायाचे अंगठे एकत्र बांधायचे. नाकात कापूस घालायचा. हे मी इतक्यांदा केलं होतं की हात आपोआप चालायचे. मंगलचे डोळे मिटवले, हनुवटी बांधली. कापसाचा बोळा घेतला, त्याची एक बारीक शेंडी काढून नाकपुडीशी नेली.

शेंडी हलली.

पंख्यानं हलली असं वाटलं. मी वर बघितलं. वीज गेलेली होती, पंखा बंद होता. मी कापूस तसाच नाकपुडीपासून बोटभर लांब धरून ठेवला. बराच वेळ काही नाही. मग ती शेंडी माझ्याकडं वाकली, अगदी थोडी, आणि पुन्हा सरळ झाली. आत काहीच गेल्यासारखं दिसत नव्हतं, छाती हलत नव्हती. फक्त बाहेर येत होतं. त्या क्षणी ती जिवंत आहे याचा आनंद झाला असं म्हटलं तर खोटं होईल. मला तिची भीती वाटली. पट्टी बांधलेला, डोळे मिटलेला, कपाळभर कुंकू लावलेला तो चेहरा श्वास सोडत होता.

मग शिकवलेलं आठवलं. नळी छातीला लावली, कान गच्च दाबून ऐकलं. लांबून कुणीतरी हळूहळू दार वाजवावं तसं हृदय चालू होतं. पट्टी ओढून काढली आणि अंबू बॅग आणली. ही रबराची पिशवी असते, तोंडावर मुखवटा बसवून हातानं दाबायची, म्हणजे माणसाच्या छातीत हवा जाते. मी दाबायला लागले आणि डॉक्टरला हाक मारली. तो आला, नळी लावून ऐकलं, आणि पांढराफटक पडला. पण त्यानं एक क्षण वाया घालवला नाही. नळ्या लावल्या, अंबाजोगाईला फोन केला, गाडी बोलावली. गाडीत बसताना दिगंबर मला म्हणाला, "बाई, ती गेली म्हनलावता ना?" मी पिशवी दाबत राहिले.

सव्वा तासाचा वळणांचा रस्ता. पिशवी मी एकटीनंच दाबली, हात बधिर झाले तरी. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले. जमिनीवर झोपली होती का? हो. पहाटे पोटात कळ आली का? हो. ते म्हणाले, मण्यार आहे. मण्यारीचा दात सुईएवढा बारीक, माणूस झोपेत असतो, चावल्याचं कळतही नाही, डाग दिसत नाही. तिचं विष अंगातला एकेक स्नायू बंद करतं. पापणी, जीभ, घसा, शेवटी छाती. बाहुलीसुद्धा. वरून माणूस मेलेला दिसतो.

त्यांनी तिला व्हेंटिलेटरवर ठेवलं, विषावरची इंजेक्शनं दिली. तिसऱ्या दिवशी डाव्या हाताचं बोट हललं. अकराव्या दिवशी ती स्वतःच्या पायानं घरी गेली.

दवाखान्यात माझं कौतुक झालं. तो तरुण डॉक्टर माझ्या पाया पडायला वाकला तेव्हा मी त्याचे हात धरले. रजिस्टरमधली नऊ वीसची ओळ आम्ही लाल शाईनं कापली आणि दोघांनी सह्या केल्या. मी खुशीत होते, खोटं का सांगू. नव्या मुलींना कापसाची गोष्ट रंगवून सांगायचे.

दोन महिन्यांनी मंगल आली. कारखान्यावर जायच्या आधी भेटून जावं म्हणून, एकटीच. पिशवीत सीताफळं आणली होती. मी तिला ड्युटी रूममध्ये बसवलं, चहा दिला. ती माझ्याकडं बघत होती, माझं बोलणं ऐकताना मान थोडी कलती करत होती. मग म्हणाली, "तुमचा आवाज बरुबर तसाच हाय."

मी म्हटलं, तू तर बेशुद्ध होतीस.

ती म्हणाली, "न्हाई. मला समदं ऐकू येत व्हतं."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. तिनं सावकाश सांगितलं, तक्रार म्हणून नाही, पाहिलेल्या गावाचं वर्णन करावं तसं. टेम्पोत खड्डा बसला की डोकं पत्र्यावर आदळत होतं, ते कळत होतं. डोळ्यात बॅटरी मारली तेव्हा लाल उजेड झाला होता. ओरडावं म्हटलं तर जीभ कुणाच्यातरी दुसऱ्याच्या तोंडात असल्यासारखी होती. सासूच्या अंगठ्याला तंबाखूचा वास होता. मी तिची हनुवटी बांधली तेव्हा दात एकमेकांवर बसले आणि मधे जिभेची कड चिमटली, ते दुखत राहिलं. कोण रडलं ते तिला कळलं. "कोन न्हाई रडलं, ते बी कळलं," ती म्हणाली. त्याबद्दल मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

"गाडीत तुमी डायवरला म्हनला, सावकाश घे रे, ही काय पोचत न्हाई."

मी म्हणाले होते. पिशवी दाबता दाबता, हात दुखत होते म्हणून. मला ते आठवलंसुद्धा नव्हतं, तिनं सांगेपर्यंत.

मी माफी मागितली. ती म्हणाली, अवं तुमीच तर वाचवलं. मग तिनं विचारलं, "एक्सपायर म्हंजी काय, सिस्टर?"

डॉक्टरांनी तो शब्द तिच्या तोंडावर उच्चारला होता. तिला तो शब्द माहीत होता, पण मरणाचा म्हणून नव्हे. मागच्या हंगामात कारखान्याजवळच्या दुकानदारानं बिस्किटांचे पुडे एक्सपायर झाले म्हणून उकिरड्यावर टाकले होते आणि तिच्या पोरांनी ते उचलून आणले, तेव्हा तिनं पोरांच्या हातातून काढून शेळीला घातले होते. तेवढाच तो शब्द तिच्या ओळखीचा. पडद्याआड पडल्या पडल्या ती त्याचाच विचार करत होती. "मला वाटलं, आता मला बी कुटंतरी टाकून देत्यात. कावून टाकत्यात, म्या काय केलं, ते कळंना."

मी तिला अर्थ सांगितला. पण तो सांगताना तो मलाच नीट माहीत नाही असं वाटलं. गोळीची तारीख संपणं आणि माणूस मरणं, याला एकच शब्द का?

आमच्याकडं इनामदार नावाचे मोठे डॉक्टर होते, निवृत्तीला आलेले, दुपारी जेवणानंतर शब्दकोश चाळायची त्यांना आवड. मी त्यांना विचारलं. ते खुलले. म्हणाले, सिस्टर, हा लॅटिनमधून आला. एक्स म्हणजे बाहेर आणि स्पिरारे म्हणजे श्वास घेणं-सोडणं. एक्सपायरचा मूळ अर्थ नुसता श्वास बाहेर सोडणं. आता तुम्ही माझ्याशी बोलताना मिनिटाला पंधरा वेळा एक्सपायर होताय. पुढं शेवटचा श्वास सोडणं म्हणून मरण झालं, आणि मग कराराची, औषधाची मुदत संपली की तिनंही प्राण सोडला असं धरलं. त्याच घरातली बाकीची भावंडं त्यांनी सांगितली. आत श्वास फुंकला ते इन्स्पायर. त्वचेतून बाहेर पडलं ते पर्स्पायर, म्हणजे घाम. दोघा-तिघांनी एकत्र श्वास घेतला, डोकं जवळ आणून कुजबुजले, ते कॉन्स्पायर, कट करणं. स्पिरिट म्हणजे आत्मा, तेही तिथलंच.

मला एवढंच ऐकू आलं की मूळ अर्थ श्वास बाहेर सोडणं. मंगलच्या नाकापुढची ती कापसाची शेंडी माझ्याकडं वाकली होती. म्हणजे डॉक्टर "एक्सपायर्ड" म्हणाले तेव्हा ती त्या शब्दाच्या मूळ अर्थानं खरोखरच ते करत होती. मी तसं म्हणाले तेव्हा इनामदार हसले, मला हसू आलं नाही. त्यांनी चेहरा पाहिला आणि विचारलं, काय झालं?

मी त्यांना बालाजीचं सांगितलं.

मंगलच्या आधी सहा-सात वर्षं झाली असतील. बालाजी म्हणून एक एकवीस वर्षांचा मुलगा, शेजारच्या गावचा, आईचा एकुलता. शेतातल्या खोपीत झोपला होता. सकाळी पोटात कळ, उलट्या, पापण्या मिटलेल्या, अंगावर कुठं डाग नाही. आमच्याकडं आणला तेव्हा हलत नव्हता. त्या दिवशी काहीच गर्दी नव्हती. वेगळे डॉक्टर होते, त्यांनी शांतपणे तपासलं, एक्सपायर्ड म्हणाले. मी त्याचा चेहरा ओल्या कापडानं पुसला, डोळे मिटवले, हनुवटी बांधली आणि नाकात कापूस घातला. हात आपोआप चालले. कापसाकडं मी बघितलं नव्हतं.

इनामदार डॉक्टरांनी हातातला शब्दकोश मिटला. मग म्हणाले, "आता ते कुणालाच सांगता येणार नाही, सिस्टर. मलाही नाही."

त्यानंतर नोकरीची पाच वर्षं राहिली होती. त्या पाच वर्षांत कुणीही गेलं की मी पडदा ओढून खुर्ची घ्यायचे आणि पहिल्यांदा नाकाशी कापूस धरून बसायचे. घड्याळ लावून दहा मिनिटं. खाटेजवळ कुणाला तो शब्द उच्चारू द्यायची नाही. बोलायचं असेल तर दाराबाहेर. मुली आपसात म्हणायच्या, शोभा सिस्टर मढ्यांशी बोलतात. खरं होतं. मी त्यांना नावानं हाक मारून सांगायचे, आता तुमचे डोळे मिटवते, आता पट्टी बांधते. पुन्हा कापूस हलला नाही. एकदाही नाही. पण त्या दहा मिनिटांत, रिकाम्या वॉर्डात, भर दुपारी, मला सारखं वाटायचं की समोरचा माणूस माझं ऐकतो आहे.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी मी बालाजीच्या आईला भेटायला गेले. कशाला, ते नीट ठरवलं नव्हतं. सांगून टाकावं, असं मनात होतं. एस.टी.नं फाट्यावर उतरून दीड मैल चालत गेले. कौसाबाई अंगणात तूर पाखडत बसल्या होत्या. सत्तरीच्या, एका डोळ्यानं कमी दिसणाऱ्या. मी दवाखान्यातली सिस्टर म्हटल्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि माझे दोन्ही हात धरले.

"तुमी माज्या बालाजीचं त्वांड पुसलं व्हतं," त्या म्हणाल्या. "मी दारातनं बघितलं. आईनं पुसावं तसं पुसलं तुमी."

मला खाली मान घालून बसावं लागलं.

त्यांनी पत्र्याच्या पेटीतून दवाखान्याचा कागद आणला. इतकी वर्षं जपलेला, घड्यांवर फाटलेला. इंग्रजीत काय लिहिलंय ते कुणी धड सांगितलं नाही म्हणाल्या. मी वाचला. माझंच अक्षर होतं. मी सांगितलं, सकाळी दहा चाळीसला त्यानं श्वास सोडला, असं लिहिलंय. त्यांनी मान हलवली, कागद परत घेतला आणि मांडीवर ठेवून हातानं सपाट करत राहिल्या.

मग म्हणाल्या, एक इचारू का, तुमी दवाखान्यातल्या, तुमाला म्हाईत असंल.

मी हो म्हटलं.

"चितेवर त्याचा हात वर आला व्हता. असा." त्यांनी उजवा हात कोपरातून वर उचलून दाखवला, बोटं थोडी आत वळलेली. "बाया जात न्हाईत तिकडं, पर म्या गेलती, एकुलता म्हनून. म्या वरडले. मानसं म्हनली, आगीनं हालतो हात, आगीनं समद्यांचाच हालतो. मला मागं वढून नेलं. तवापासनं मला झोप न्हाई. खरंच आगीनं हालतो का, सिस्टर?"

आगीनं हालतो. ते खरं आहे, आमच्या पुस्तकातही आहे, उष्णतेनं स्नायू आखडतात आणि हात वर येतो. मेलेल्या माणसाचाही येतो. मण्यारीनं बांधून टाकलेल्या, जिवंत माणसाचा येईल की नाही, ते पुस्तकात नाही. मी ज्यासाठी दीड मैल चालत आले होते ते सगळं माझ्या जिभेवर होतं.

मी म्हणाले, "हो मावशी. आगीनंच हालतो. सगळ्यांचा हालतो."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं चांगल्या डोळ्यानं नीट बघितलं. मग पदरानं तोंड पुसलं.

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या. "येवढंच कुनाला इचारावं ते कळत नव्हतं."

त्या उठल्या, चूल पेटवली. जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही म्हणाल्या. दोन भाकरी, तुरीचं वरण आणि लसणाची चटणी त्यांनी ताटात वाढली आणि समोर बसून राहिल्या, मी शेवटचा घास घेईपर्यंत. नाही म्हणायचा मला अधिकार नव्हता. मी सगळं खाल्लं.